सैतानाची कचेरी: युरोपातल्या जादूच्या पोथ्यांत असतं तरी काय?

समजा, तुम्ही एका सैतानाला बोलावलं. रीतसर, मंत्र म्हणून, पुन्हा पुन्हा. तरी तो आला नाही. आता काय करायचं?

सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी पोथीत याचं उत्तर दिलंय. त्याची मुद्रा, म्हणजे त्याचं ठरलेलं चिन्ह, चर्मपत्रावर काढून काळ्या डबीत ठेवायची, डबीत गंधक आणि हिंग टाकायचा, वरून लोखंडी तार आवळायची, डबी तलवारीच्या टोकाला लटकवायची आणि विस्तवावर धरायची. गंधकाचं एक वेळ समजू शकतो. पण हिंग! ज्याच्या चिमटीशिवाय आपल्या वरणाला चव येत नाही, त्याच्या वासाने सैतान नाक मुठीत धरून हजर होईल, अशी पोथीकाराची खात्री. जर्मनीत हिंगाला ‘सैतानाची विष्ठा’ अशा अर्थाचं नाव आहे, त्यामुळे दोष त्या एकट्याचा नाही.

पोथीचं नाव ‘लेमेगेटन’. तिच्या पहिल्या भागाला ‘गोएशिया’ म्हणतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तिच्या हस्तलिखित प्रती आहेत. गोएशियात एकूण ७२ सैतानांची यादी आहे, आणि ती वाचताना भीती वाटण्याऐवजी एखाद्या तहसील कचेरीचा नागरिकांची सनद लावलेला फलक वाचतोय असं वाटतं. प्रत्येकाला हुद्दा आहे: कुणी राजा, कुणी ड्यूक, कुणी मार्क्विस, कुणी अर्ल, कुणी चक्क प्रेसिडेंट. प्रत्येकाच्या हाताखाली किती पलटणी, ते लिहिलंय. पहिला बाएल हा राजा, त्याच्याकडे ६६ पलटणी, काम अदृश्य करणे. ब्यूएर हा प्रेसिडेंट, पलटणी ५०, तो तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि वनस्पतींचे गुण शिकवतो. शेवटचा अँड्रोमेलियस हा अर्ल, चोर आणि चोरीचा माल परत आणणे हे त्याचं खातं. हुद्द्यानुसार मुद्रेचा धातूही ठरलेला. राजाची सोन्यात, मार्क्विसची चांदीत, ड्यूकची तांब्यात.

आणि भेटीच्या वेळा! राजांना सकाळी ९ ते १२ आणि मग दुपारी ३ ते सूर्यास्त एवढ्याच वेळात बांधता येतं. मधले तीन तास साहेब जागेवर नसतात. ड्यूक सूर्योदयापासून दुपारपर्यंत, तेही आभाळ स्वच्छ असेल तरच.

बोलावणाऱ्याने नऊ फुटी वर्तुळात उभं राहायचं. वर्तुळाबाहेर दोन फुटांवर तीन फुटांचा त्रिकोण आखायचा, सैतान त्यात प्रकटणार. म्हणजे खिडकीच्या अलीकडे आपण, पलीकडे तो. आता मजा पाहा, त्याला हुकूम सोडायचा तो कुणाच्या नावाने? देवाच्या. सैतानाची भक्ती, देवाशी दगाबाजी असं काही या पोथीत नाही. मोठ्या साहेबाचं नाव सांगून खालच्या माणसाकडून काम करून घ्यायचं, एवढीच युक्ती. या सगळ्या प्रकाराला ‘काळी जादू’ म्हणणारे बहुतेक जण ही पोथी न वाचताच बोलत असतात, असं माझं मत झालंय.

अशा पोथ्यांना फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ म्हणतात आणि आता जगभर तोच शब्द रूढ झालाय. त्याचं मूळ ‘ग्रामेर’, म्हणजे व्याकरण. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिन व्याकरण, आणि लॅटिन म्हणजे सामान्य माणसाला न कळणारी, पुस्तकात बंद असलेली विद्या. ज्याला पुस्तक वाचता येतं त्याला आणखी काय काय येत असेल, या धास्तीतून व्याकरणाचं पुस्तक हळूहळू जादूचं पुस्तक झालं. याच शब्दाचं स्कॉटलंडमधलं रूप ‘ग्लॅमर’. मूळ अर्थ नजरबंदी. सिनेमावाल्यांनी फार काही बदललं नाही म्हणायचं.

‘काळी’ हा शब्दही असाच घोटाळ्यातून आलाय. मृतांना बोलावून भविष्य विचारण्याला ग्रीकमध्ये ‘नेक्रोमांतेइया’ म्हणत. ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत. मध्ययुगीन लॅटिन लेखनिकांनी त्याचं ‘निग्रोमांतिया’ केलं, कारण ‘नीगेर’ म्हणजे काळा हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. मृतांची विद्या काळी विद्या झाली ती अशी, आणि पुढे तिच्यात प्रेतं कमी आणि सैतानच जास्त उरले.

मग या पोथ्या लिहिल्या कुणी? गावाबाहेरच्या झोपडीतल्या म्हातारीने नव्हे. तिला लॅटिन येत नव्हतं, चर्मपत्र परवडत नव्हतं. लिहिणारे होते चर्चमधलेच लोक: भिक्षू, विद्यार्थी, दीक्षा घेतलेले पण नीट कुठे चिकटलेले नसलेले तरुण पाद्री. कॅथलिक चर्चमध्ये पूर्ण पाद्री होण्याआधी ज्या पायऱ्या चढाव्या लागत, त्यांत एक पायरी ‘एक्झॉर्सिस्ट’ची होती. भूत उतरवणारा, असं आपण म्हणू. या पायरीवर बिशप उमेदवाराच्या हाती भूत उतरवण्याच्या मंत्रांचं पुस्तक द्यायचा. ही पायरी थेट १९७२ पर्यंत होती. म्हणजे ज्याने कधी खरं भूत उतरवलं नाही अशा हजारो तरुणांकडे सैतानाला ‘जा’ म्हणण्याचा अधिकृत परवाना होता. त्यांतल्या काहींना वाटलं, ‘जा’ म्हणता येतं तर ‘ये’ का म्हणता येऊ नये? मंत्र तेच, दिशा उलटी. मध्ययुगीन जादूचे अभ्यासक रिचर्ड कीकहेफर यांनी या मंडळींना पुरोहितवर्गाचं अधोविश्व म्हटलंय.

कीकहेफर यांनीच १९९०च्या दशकात अशी एक अख्खी पोथी छापून अभ्यासली. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयातली ही पंधराव्या शतकातली लॅटिन पोथी. हवेतून मेजवानी उभी करणे, उडता घोडा मागवणे, अदृश्य होणे, एखाद्या बाईला वश करणे, शत्रूला वेड लावणे, सगळं तिच्यात आहे. पण जागोजाग येतो तो प्रकार वेगळाच. एका लहान मुलाला समोर बसवायचं, त्याच्या नखाला तेल लावून ते चकचकीत करायचं, मंत्र म्हणायचे आणि विचारायचं, ‘काय दिसतंय?’ मुलाने त्यात चोर ओळखायचा. कोकणात, देशावर ज्यांनी पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून जमिनीतलं धन बघायच्या गोष्टी ऐकल्यात, त्यांना हे परकं वाटणार नाही. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मी म्हणत नाही. चोरी आणि पुरलेलं धन या दोन काळज्या सगळीकडे सारख्याच.

या पोथ्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती ‘क्लाविकुला सालोमोनिस’, म्हणजे सॉलोमनची किल्ली. सॉलोमन राजाने अंगठीच्या जोरावर सैतानांना राबवून जेरुसलेमचं मंदिर बांधलं, अशी फार जुनी कथा आहे; मुसलमानांचे सुलेमान आणि त्यांचे जिन म्हणजे हीच परंपरा. म्हणून जादूचं पुस्तक लिहिलं की वर नाव सॉलोमनचं. प्रत्यक्षात या ‘किल्ली’चा ग्रीक पूर्वज पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांत सापडतो. लॅटिन आणि इटालियन प्रती त्यानंतरच्या, आणि सगळ्यांना माहीत असलेलं इंग्रजी भाषांतर १८८९ चं.

किल्लीत मंत्रांपेक्षा तयारीच जास्त. नऊ दिवस संयम पाळा, शेवटचे तीन उपास करा, मंतरलेलं मीठ टाकून आंघोळ करा, पांढरं लिननचं वस्त्र नेसा, बायबलमधली स्तोत्रं म्हणा. लेखणी कशाची? नर हंसबदकाच्या उजव्या पंखातल्या तिसऱ्या पिसाची. काळ्या मुठीची सुरी शनीच्या दिवशी, शनीच्या तासाला घडवायची आणि काळ्या मांजराच्या रक्तात आणि हेमलॉक या विषारी झाडाच्या रसात विझवायची. सोवळंओवळं, मुहूर्त, अमुकच दिशा, तमुकच धातू: आपल्याकडचा एखादा कर्मठ भटजी हे वाचून मान डोलवेल, फक्त मांजरापाशी थांबेल.

हा ‘शनीचा तास’ काय असतो, ते जरा थांबून पाहू. कारण ही गोष्ट आपल्या घरच्या पंचांगातही आहे, होरा या नावाने.

जुन्या ज्योतिषात सात ग्रह, मंदगतीपासून वेगवान असे ओळीने लावलेले: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला आकाशाची फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, चंद्राला सत्तावीस दिवस. आता दिवसाचे प्रत्येकी एक असे तास या ओळीने ग्रहांना वाटत चला. शनिवारी सूर्योदयाचा पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा. सात संपले की पुन्हा शनी. म्हणजे आठवा, पंधरावा आणि बाविसावा तासही शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास कुणाचा येतो? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसंच मोजा, चोवीस तासांनी चंद्र येतो: सोमवार. मग मंगळ, मग बुध. वारांचा जो क्रम आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतो, तो या वाटपातून निघालाय.

होरा हा शब्द ग्रीक, इंग्रजीतला ‘अवर’ त्याच घराण्यातला. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीक फलज्योतिषाबरोबर तो इकडे आला. वराहमिहिराने तो ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झाला असं काही जण मानतात, असं नोंदवलंय. व्युत्पत्ती देखणी आहे, खरी नाही. तर सोन्याच्या खरेदीसाठी गुरूचा होरा बघणारे आपण आणि मुद्रा कोरायला गुरूचा तास शोधणारा व्हेनिसमधला सॉलोमनभक्त, दोघांचं कोष्टक एकच.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. अकराव्या शतकाच्या आसपास मुसलमानी स्पेनमध्ये ‘घायत अल-हकीम’ नावाचा ग्रहजादूचा मोठा अरबी ग्रंथ तयार झाला. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२५६ साली त्याचं स्पॅनिश भाषांतर सुरू करवलं. पुढे लॅटिन झालं आणि ‘पिकाट्रिक्स’ या नावाने तो युरोपभर फिरला. त्यात चंद्राची २८ घरं दिलीत, प्रत्येकात कोणता ताईत करावा त्यासकट, आणि ती हिंदी पंडितांच्या मताने दिली आहेत असं ग्रंथकारच सांगतो. आपली नक्षत्रं, अभिजित धरून अठ्ठावीस.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. गोएशियातली ७२ सैतानांची यादी आली कुठून? सॉलोमनकडून नक्कीच नाही. ती आली जादूच्या विरोधकांकडून.

योहान वायर हा क्लीव्ह्सच्या ड्यूकचा डॉक्टर. चेटकिणी म्हणून बायकांना जाळत होते त्या काळात, १५६३ साली, त्याने एक जाडजूड लॅटिन ग्रंथ लिहिला: या बायका आजारी आहेत, त्यांना सरणाची नव्हे, उपचाराची गरज आहे. १५७७ च्या आवृत्तीला त्याने एक पुरवणी जोडली, सैतानांच्या दरबाराची यादी, नावं ६९. जादूगार म्हणवणारे किती मूर्ख असतात ते लोकांनी पाहावं म्हणून. कुणी प्रयोग करायला जाऊ नये यासाठी काही मजकूर मुद्दाम गाळला, असंही त्याने लिहून ठेवलं.

मग १५८४ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला रेजिनल्ड स्कॉट याने असाच चेटूकविरोधी ग्रंथ इंग्रजीत लिहिला. त्यात हातचलाखीचे खेळ कसे करतात तेही उलगडून दाखवलं आणि वायरची यादी थट्टा करायला म्हणून भाषांतरित करून टाकली. झालं! लॅटिन न येणाऱ्या गावोगावच्या मांत्रिकांना पहिल्यांदाच इंग्रजीत, छापील, तयार मसाला मिळाला. स्कॉटची थट्टा त्यांनी सोडून दिली आणि यादी उतरवून घेतली.

उतरवली हे कसं कळतं? वायरच्या यादीत चौथ्या क्रमांकावर प्रुफ्लास नावाचा सैतान आहे. भाषांतर करताना स्कॉटकडून तो राहून गेला. ६९ चे ६८ झाले. आणि सॉलोमनच्या नावावरच्या गोएशियातही प्रुफ्लास नाही! वर्गात कॉपी करणारा मुलगा शेजाऱ्याची चूकही जशीच्या तशी उतरवतो आणि तिथेच पकडला जातो, तसं. गोएशियाच्या लेखकाने मग चार नवी नावं घातली, ६८ चे ७२ केले. यादीचा शेवटचा मानकरी अँड्रोमेलियस, चोर पकडून देणारा, हा त्या चारांतलाच.

याच्या उलट फजिती झाली ट्रिथेमियसची. हा जर्मन मठाधिपती. १५०० च्या सुमारास त्याने ‘स्टेगनोग्राफिया’ लिहिलं: दूरच्या माणसाला आत्म्यांमार्फत निरोप कसा पाठवावा, कोणत्या आत्म्याला काय म्हणावं, वगैरे. बोभाटा झाला, ग्रंथ छापला गेला १६०६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, आणि तीन वर्षांत चर्चच्या निषिद्ध यादीत गेला. पण ते आत्म्यांचे मंत्र म्हणजे गुप्तलिपी होती. पहिल्या दोन भागांची किल्ली लगेच छापली गेली. तिसरा भाग मात्र खरोखर जादूचाच असं लोक धरून चालले, ते १९९०च्या दशकात थॉमस अर्न्स्ट आणि जिम रीड्स या दोघांनी तो स्वतंत्रपणे सोडवेपर्यंत. भयंकर आकड्यांच्या कोष्टकांतून निघालं काय, तर हे पत्र आणणारा माणूस लबाड आणि चोर आहे, त्याच्यापासून सावध राहा, अशी नमुन्याची वाक्यं.

छापखाना आल्यावर पोथ्यांचं वय वाढू लागलं. अठराव्या शतकात छापलेलं ‘ग्रिमोरियम वेरुम’ स्वतःला १५१७ साली इजिप्तमधल्या मेम्फिसला छापलेलं म्हणवतं, जिथे तेव्हा नुसते अवशेष होते. फ्रान्समध्ये ‘पती अल्बेर’ नावाचं स्वस्त पुस्तक फेरीवाले खेडोपाडी विकत. त्यात फासावर गेलेल्या माणसाच्या हाताची चोरांसाठीची मेणबत्ती आहे, पण तिच्या शेजारी मासे पकडायच्या युक्त्या आणि सौंदर्यप्रसाधनंही आहेत. जत्रेत ‘असली प्राचीन’ इंद्रजाल विकायला ठेवलेलं पाहिलंय ना, तोच व्यवहार.

गिऱ्हाइकाला हवं असे ते पुरलेलं धन. १७१५ च्या नाताळच्या आदल्या रात्री जर्मनीतल्या येना गावाबाहेर द्राक्षमळ्यातल्या एका खोपटात तिघे जमले, एक विद्यार्थी आणि दोन शेतकरी. जवळ दंतकथेतला जर्मन मांत्रिक फाउस्ट याच्या नावावरची, सैतानाला वठणीवर आणणारी पोथी. कडाक्याची थंडी, म्हणून त्यांनी भांड्यात लोणारी कोळसा पेटवला, आणि खोपटाला धुराडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेतकरी मेलेले आढळले, विद्यार्थी बेशुद्ध. रात्री तिथे पहाऱ्याला तिघांना बसवलं. त्यांनीही थंडी म्हणून कोळसा पेटवला, आणि त्यांतलाही एक मेला. मग चौपानी पत्रकांचं युद्ध सुरू झालं. धर्मपंडित म्हणाले, सैतानाने गळा आवळला, दोन रात्रींत तीन बळी हा आणखी कशाचा पुरावा? हाले गावचे वैद्य फ्रीडरिश हॉफमन म्हणाले, कोळशाच्या वाफा. कार्बन मोनॉक्साइड हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण हॉफमनचं बोट बरोबर जागी होतं.

पोथ्या त्यानंतरही विकल्या जात राहिल्या, फक्त दुकानं बदलली. १८४९ साली स्टुटगार्टच्या शाइबले नावाच्या प्रकाशकाने ‘मोझेसचं सहावं आणि सातवं पुस्तक’ छापलं. बायबलमध्ये मोझेसची पाचच, म्हणून ही दोन दडवून ठेवलेली. जर्मन स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत गेलं. तिथे शिकागोत विल्यम डिलॉरेन्स नावाचा गृहस्थ टपालाने जादूची पुस्तकं विकायचा, कॅरिबियनपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत. त्याचं एक मोठं पुस्तक ‘हिंदू जादू’ आणि पौर्वात्य गूढविद्येचं म्हणून खपलं. उघडून पाहिलं तर आत बराचसा मजकूर १८०१ साली लंडनमध्ये निघालेल्या फ्रान्सिस बॅरेटच्या पुस्तकाचा, आणि बॅरेटने तो उचललेला अग्रिपा या जर्मन पंडिताच्या १५३३ च्या ग्रंथातून. हिंदू म्हणावं असं त्यात मुख्यतः शीर्षक.

जमैकात मात्र डिलॉरेन्सचा दरारा असा बसला की कुणाच्या घरावर रात्री दगड पडले तरी लोक म्हणत, कुणीतरी डिलॉरेन्स लावलाय. सरकारने शेवटी त्या पुस्तकांवर बंदी घातली. त्यामुळे राजे, ड्यूक आणि प्रेसिडेंट आपापल्या पलटणींसह तिथल्या कस्टम खात्याच्या निषिद्ध मालाच्या यादीत नोंदले गेले.